धमनीविस्फार आणि समदुःखी माणसें

रोगांचा इतिहास म्हटला कीं बहुधा साथींचा इतिहास डोळ्यांपुढें येतो. पटकी, देवी, प्लेग यांनीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. त्यांच्या हकीकती सरकारी दप्तरांत आणि लोकांच्या आठवणींत टिकून राहिल्या. परंतु कांहीं विकार असे आहेत कीं ते साथीनें येत नाहींत, हजारों माणसांतून एखाद्यालाच गांठतात, आणि म्हणूनच त्यांची चर्चा चावडीवर किंवा बाजारांत होत नाहीं. पोटांतील धमन्यांना येणारा फुगा हा अशांपैकीं एक विकार होय. शास्त्रीय भाषेंत त्यास धमनीविस्फार म्हणतात. युरोपीय वैद्यकांतील ॲन्यूरिझम हा शब्दही रुंद होणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. या विकाराचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. पण त्यांतील सर्वांत नवें प्रकरण औषधाचें किंवा शस्त्राचें नसून माणसाच्या सोबतीचें आहे.

प्रथम विकाराचें स्वरूप थोडक्यांत समजून घेणें अवश्य आहे. हृदयापासून निघालेली महाधमनी छातींतून पोटांत उतरते, पाठीच्या कण्याच्या पुढून खालीं जाते आणि बेंबीच्या सुमारास दोन पायांसाठीं दुभागते. पोटांत तिची रुंदी सुमारें २ सेंटिमीटर असते. वाटेंत तिला शाखा फुटतात. कोणी यकृताकडे, कोणी प्लीहेकडे, कोणी आंतड्यांकडे, तर कोणी मूत्रपिंडांकडे रक्त नेते. सायकलची ट्यूब एखाद्या जागीं झिजली म्हणजे हवा भरतांना नेमकें तेथेंच टेंगूळ येतें. तसेंच धमनीची भिंत जेथें दुबळी होते तेथें रक्ताच्या दाबानें ती बाहेर फुगते. आणि या टेंगळाचा एक वाईट गुण असा, कीं तें जितकें मोठें होईल तितका त्याच्या भिंतीवरील ताण वाढतो. रबरी फुगा फुंकतांना आरंभीं जोर लागतो, पुढें तो सहज फुगत जातो, हें मुलांच्याही अनुभवाचें आहे. धमनीच्या बाबतींत हा सहजपणा प्राणघातक ठरतो. फुगा बहुधा दुखत नाहीं, ताप आणीत नाहीं, कामांत अडथळा करीत नाहीं. पण फुटला तर पोटांतल्या पोटांत रक्तस्राव होऊन कांहीं तासांत, क्वचित् कांहीं मिनिटांत, सर्व खेळ आटोपतो.

प्राचीन वैद्यांना हा विकार अगदींच अपरिचित नव्हता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गॅलेन या ग्रीक वैद्यानें नाडीप्रमाणें उडणाऱ्या गांठीचें वर्णन केलें आहे. त्याच सुमारास होऊन गेलेल्या अँटिलस नांवाच्या शस्त्रवैद्यानें हातापायांतील अशा गांठीच्या वर व खालीं धमनीला बंध घालून मधला भाग चिरून रिकामा करण्याची रीत सांगितली. ही रीत पुढें दीड हजार वर्षें प्रमाण मानली गेली. परंतु मान, कांख व जांघ या ठिकाणच्या मोठ्या गांठींना हात लावूं नये असेंही त्यानेंच बजावून ठेवलें. आपल्याकडे सुश्रुतानें निदानस्थानांत शिराज ग्रंथीचा प्रकार वर्णिला आहे. दुबळ्या मनुष्यानें अतिश्रम केले असतां ही गांठ उत्पन्न होते. ती दुखरी व हलणारी असल्यास कष्टसाध्य, परंतु न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्मस्थानीं झालेली असल्यास ती सोडून द्यावी असा त्याचा निर्णय आहे. ही गांठ आणि आजचा धमनीविस्फार एकच होत, असें ठामपणें म्हणतां येणार नाहीं. पण हजारों कोस दूर असलेल्या दोन शास्त्रांनीं मर्मस्थानच्या गांठीसंबंधीं एकच सल्ला दिला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तो सल्ला असा, कीं येथें वैद्यानें माघार घ्यावी.

वैद्यानें माघार घेतली म्हणजे रोगी कोठें जातो, हा प्रश्न मात्र त्या ग्रंथांत कोणी विचारलेला नाहीं.

पोटांतील किंवा छातींतील फुगा जिवंत माणसांत ओळखणें फार कठीण होतें. शरीररचनाशास्त्राचा आद्य आचार्य आंद्रेआस व्हेसेलियस यानें इ. स. १५५५ मध्यें ऑग्सबुर्ग येथें घोड्यावरून पडलेल्या एका गृहस्थास तपासून त्याच्या पाठीशीं उडणारी गांठ ही महाधमनीचा विस्फार आहे असें निदान केलें. दोन वर्षांनीं तो गृहस्थ मरण पावला, तेव्हां शवच्छेदनांत हें निदान खरें ठरलें. निदान अचूक होतें; पण त्याचा रोग्याला काडीचाही उपयोग झाला नाहीं. पुढील तीनशें वर्षें साधारणतः हीच स्थिति होती. प्लीहेच्या धमनीचा विस्फार प्रथम १७७० सालीं फ्रान्समधील बोसिए यानें वर्णिला, तो शवांत. यकृताच्या धमनीचा विस्फार १८०९ सालीं इंग्लंडांत जेम्स विल्सन यानें वर्णिला, तोही शवांत. म्हणजे पोटांतील धमन्यांच्या शाखांचे हे दुर्मिळ फुगे ज्यांच्या शरीरांत होते, त्यांना स्वतःला त्यांची वार्ताही नव्हती. त्यांचें ज्ञान मरणोत्तर होतें, आणि तें दुसऱ्यांसाठीं होतें.

उपचारांच्या इतिहासांत पहिला मोठा टप्पा म्हणजे लंडनचा जॉन हंटर. १७८५ सालच्या डिसेंबरांत सेंट जॉर्ज इस्पितळांत त्यानें एका पंचेचाळीस वर्षांच्या गाडीवानावर शस्त्रक्रिया केली. गाडीवानाच्या गुडघ्यामागें मोठा फुगा होता. अशा वेळीं पाय कापून टाकणें हाच त्या काळीं बहुतेकांचा मार्ग असे. हंटरनें फुग्याला न शिवतां वर मांडींत धमनीला बंध घातला. मुख्य वाट बंद झाली तरी आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन पायाला रक्त पुरवितात, असा त्याचा अंदाज होता, आणि तो खरा ठरला. गाडीवान सुमारें सहा आठवड्यांनीं आपल्या पायांनीं चालत घरीं गेला. पुढें सव्वा वर्षानें तो तापानें वारला, तेव्हां त्याचा पाय मिळवून हंटरनें तो आपल्या संग्रहांत ठेवला. लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयांतील हंटरच्या संग्रहांत त्याचें जतन झालें. पाय जतन झाला. परंतु त्या सव्वा वर्षांत गाडीवानाच्या मनांत काय चाललें होतें, घोडे जुंपतांना तो पूर्वीसारखाच निर्धास्त असे कीं प्रत्येक पाऊल जपून टाकीत असे, याची नोंद कोणीही केली नाहीं.

हंटरचा शिष्य सर ॲस्टली कूपर यानें गुरूच्याही पुढें पाऊल टाकलें. १८१७ सालीं लंडनच्या गाय इस्पितळांत अडतीस वर्षांच्या एका हमालाच्या जांघेंतील फुगा फुटून रक्त वाहूं लागलें होतें. कूपरनें पोट उघडून प्रत्यक्ष महाधमनीलाच बंध घातला. असें धाडस पूर्वीं कोणीं केलें नव्हतें. गुंगीचें औषध अद्याप निघावयाचें होतें. जंतूंचें ज्ञान अर्धशतक दूर होतें. हमाल सुमारें चाळीस तास जगला. पुढच्या शंभर वर्षांत इतर शस्त्रवैद्यांनींही हा प्रयोग करून पाहिला, पण यश येईना. कोणी फुग्यांत लोखंडी तार सोडून रक्त गोठविण्याचा यत्न केला. १८६४ सालीं लंडनच्या चार्ल्स मूर यानें तसें केलें, पण रोगी थोड्याच दिवसांत मरण पावला. दुर्मिळ शाखांच्या बाबतींत मात्र १९०३ सालीं एक आशेचा किरण दिसला. जर्मनीचा हान्स केर यानें यकृताच्या धमनीचा विस्फार बंध घालून यशस्वी रीतीनें बरा केला.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्सचा रुडॉल्फ मातास यानें १८८८ सालीं निराळी युक्ति काढली. बाहेरून बंध घालण्याऐवजीं त्यानें हातावरील फुगा उघडला आणि रक्त येणारीं तोंडें आंतून टांके घालून शिवलीं. याच मातासनें १९२३ सालीं पोटांतील महाधमनीला घातलेला बंध यशस्वी झाला. रोगी स्त्री सुमारें दीड वर्ष जगली आणि अखेर क्षयानें वारली, विस्फारानें नव्हे. कूपरच्या प्रयोगापासून या यशापर्यंत १०६ वर्षें लोटलीं होतीं.

यानंतरचें एक उदाहरण सर्व जगाला माहीत असलेल्या व्यक्तीचें आहे. आल्बर्ट आइन्स्टाइन यांना पोटदुखीचा त्रास होत असे. १९४८ सालच्या डिसेंबरांत ब्रुक्लिन येथील इस्पितळांत रुडॉल्फ निसेन यांनीं त्यांचें पोट उघडून पाहिलें, तों महाधमनीवर लहान पपनसाएवढा फुगा आढळला. निसेन हेही आइन्स्टाइन यांच्याप्रमाणेंच १९३३ सालीं जर्मनी सोडून आलेले. फुगा कापून काढून तेथें दुसरी नळी जोडण्याची विद्या तेव्हां हस्तगत झालेली नव्हती. म्हणून निसेन यांनीं फुग्याभोंवतीं सेलोफेनचा कागद गुंडाळला. या कागदामुळें भोंवतालचीं पेशीजालें चिडून तेथें घट्ट आवरण तयार होतें व तें भिंतीला आधार देतें, अशी कल्पना होती. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. आपल्या पोटांत काय आहे हें त्यांना पूर्णपणें ठाऊक होतें. त्या काळांत त्यांनीं आपलें संशोधन चालू ठेवलें, पत्रव्यवहार केला, सार्वजनिक प्रश्नांवर मतें दिलीं. १९५५ सालच्या एप्रिलमध्यें फुगा फुटला. तोंपर्यंत नवी शस्त्रक्रिया निघाली होती आणि ती करावी असें त्यांना सुचविण्यांतही आलें; पण कृत्रिम उपायांनीं आयुष्य लांबविणें त्यांना रुचलें नाहीं. १८ एप्रिल रोजीं प्रिन्स्टन येथें वयाच्या ७६ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

या उदाहरणांतील विशेष शस्त्रक्रियेंत नाहीं. तो या गोष्टींत आहे कीं येथें रोग्याला आपला विकार मरणापूर्वीं सहा वर्षें माहीत होता. ऑग्सबुर्गच्या गृहस्थाला फार तर एक नांव सांगितलें गेलें असेल. आइन्स्टाइन यांना आपल्या फुग्याचें आकारमानही ठाऊक होतें. जाणून जगण्याचा हा प्रकार पुढें हजारोंच्या वांट्याला यावयाचा होता.

१९५१ सालच्या मार्च महिन्यांत पॅरिस येथें शार्ल द्युबो यानें पन्नास वर्षांच्या एका पुरुषाच्या पोटांतील फुगलेली महाधमनी कापून काढली व तिच्या जागीं तीन आठवड्यांपूर्वीं मरण पावलेल्या एका तरुण स्त्रीच्या महाधमनीचा तुकडा जोडला. हा रोगी पुढें आठ वर्षें जगला. मृताच्या धमन्या मिळविणें आणि टिकविणें कठीण असल्यामुळें कापडाच्या नळ्यांचा शोध सुरू झाला. न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूरहीस या तरुण शस्त्रवैद्यानें विन्यॉन नांवाच्या कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी शिवून १९५२ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी यांना आईनें लहानपणीं शिवणकाम शिकविलें होतें. दुकानांत नायलॉन मिळालें नाहीं म्हणून त्यांनीं डेक्रॉनचें कापड आणलें आणि घरच्या शिवणयंत्रावर धमन्या शिवल्या. डेक्रॉन शरीराला मानवलें. एका आईच्या शिकवणीनें अशा रीतीनें असंख्य लोकांचे प्राण वांचविले. पुढें १९८७ सालीं खारकीव्ह येथील निकोलाय व्होलोदोस यांनीं आणि १९९० सालीं ब्वेनोस आयरिस येथील हुआन पारोदी यांनीं पोट किंवा छाती न उघडतां, जांघेच्या धमनींतून आंत नळी सरकवून फुगा आंतूनच बंद करण्याची पद्धति प्रत्यक्षांत आणली. बारीक शाखांमधील फुग्यांत धातूचीं सूक्ष्म वेटोळीं सोडून ते बंद करण्याची रीतही रूढ झाली.

शस्त्राइतकीच महत्त्वाची प्रगति दृष्टीची झाली. १९२९ सालीं लिस्बन येथें रेनाल्दो दोस सांतोस यानें महाधमनींत औषध सोडून तिचें क्ष-किरणचित्र घेतलें. १९५८ सालीं ग्लासगोच्या इयान डोनल्ड यानें ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र दाखविलें. १९७१ सालीं गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या डोक्याचें सी. टी. चित्र घेतलें आणि थोड्याच वर्षांत तें तंत्र साऱ्या शरीराला लागू झालें. परिणाम असा झाला कीं मूतखडा किंवा पित्ताशयाचा खडा पाहण्यासाठीं चित्र घ्यावें, आणि त्यांत प्लीहेच्या धमनीवर वाटाण्याएवढा फुगा दिसावा, अशा घटना नित्याच्या झाल्या. शवच्छेदनाच्या टेबलावरील ज्ञान आतां चालत्याबोलत्या माणसाच्या हातीं कागदावर येऊं लागलें.

या दुर्मिळ शाखांच्या विस्फारांपैकीं सुमारें ६० टक्के प्लीहेच्या धमनीचे व सुमारें २० टक्के यकृताच्या धमनीचे असतात. आंतड्यांच्या मुख्य धमनीचे सुमारें ५ टक्के. महाधमनीचा फुगा मुख्यतः वृद्ध व धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत आढळतो. प्लीहेच्या धमनीचा मात्र पुरुषांपेक्षां स्त्रियांत चौपट अधिक आढळतो, आणि गरोदरपणांत तो फुटण्याचा धोका विशेष असतो. जुन्या नोंदींप्रमाणें अशा प्रसंगीं चारांतून तीन माता दगावत. म्हणूनच अमेरिकेंतील रक्तवाहिनी-शस्त्रवैद्यांच्या संस्थेनें २०२० सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत गर्भधारणेच्या वयांतील स्त्रीच्या प्लीहाधमनीवरील फुगा कोणत्याही आकाराचा असला तरी त्यावर उपाय करावा, आणि इतरांत तो ३ सेंटिमीटर झाल्यावर करावा असें म्हटलें आहे. यकृताच्या धमनीसाठीं ही मर्यादा २ सेंटिमीटरची आहे. कारणेंही अनेक असतात. भिंतीचा कठीणपणा, रक्तदाब, स्वादुपिंडाचा दाह, मार, जंतुसंसर्ग, तसेंच मार्फान किंवा एहलर्स-डानलॉस यांच्यासारखे शरीराच्या जोडपेशीजालांतील जन्मजात दोष, हीं त्यांपैकीं कांहीं होत.

मर्यादा ठरली म्हणजे तिच्या आंतील माणसांनीं काय करावें? त्यांनीं वाट पाहावी. हें उत्तर आळसाचें नाहीं. तें कसोटीला लावलेलें आहे. इंग्लंडांत १,०९० रोग्यांची पाहणी करण्यांत आली. त्यांच्या महाधमनीचा फुगा ४ ते ५.५ सेंटिमीटरचा होता. कांहींवर लगेच शस्त्रक्रिया केली, कांहींना ठराविक मुदतीनें तपासत ठेवलें. १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं लगेच कापल्यानें आयुष्य वाढत नाहीं. शस्त्रक्रियेचा धोका व फुटण्याचा धोका सारखेच तोलावे लागतात. दुसऱ्या मोठ्या पाहणींत सुमारें ६७,८०० पुरुषांचा अभ्यास करण्यांत आला. २००२ सालीं असें दिसून आलें कीं ज्यांना तपासणीचें निमंत्रण दिलें त्यांच्यांत या विकारानें होणारे मृत्यु चार वर्षांत ४२ टक्क्यांनीं कमी झाले. त्यावरून इंग्लंडांत वयाच्या ६५ व्या वर्षीं प्रत्येक पुरुषास ही तपासणी देण्याची सोय झाली.

शास्त्राच्या दृष्टीनें हा मोठा विजय आहे. पण त्यानें मनुष्यांचा एक नवा वर्ग निर्माण केला, ज्याला आजारीही म्हणतां येत नाहीं आणि निरोगीही म्हणतां येत नाहीं. त्याला ताप नाहीं, वेदना नाहीं; सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें एक आंकडा मिळतो, आणि पुढच्या आंकड्यापर्यंत तो त्याच्यावर जगतो. पोटांत जरा कळ आली कीं हीच ती वेळ काय, असें त्यास वाटतें. जड ओझें उचलावें कीं नाहीं, दूरचा प्रवास करावा कीं नाहीं, मुलीच्या बाळंतपणाला जावें कीं नाहीं, असले प्रश्न दवाखान्यांतील दहा मिनिटांत सुटत नाहींत. विकार जितका दुर्मिळ तितकें एकाकीपण अधिक. मधुमेही मनुष्यास गल्लींत दुसरा मधुमेही भेटतो. आंतड्याच्या धमनीचा फुगा असलेल्यास आपल्यासारखा दुसरा माणूस साऱ्या जिल्ह्यांत सांपडत नाहीं. पुष्कळदां त्याच्या डॉक्टरनेंही तोंपर्यंत असा रोगी पाहिलेला नसतो. घरची माणसें प्रेमानें म्हणतात, कीं काळजी करूं नये. पण ज्याचें जळतें त्यालाच कळतें. आणि कळणाऱ्याला सांगावयाचें तरी कोणाला?

या प्रश्नाचें उत्तर वैद्यकानें प्रथम क्षयाच्या निमित्तानें शोधलें. १९०५ सालीं बोस्टन येथें जोसेफ प्रॅट या डॉक्टरनें गरीब क्षयी रोग्यांचा एक वर्ग सुरू केला. पंधरावीस रोगी आठवड्यास एकदां जमत. प्रत्येकाजवळ वही असे, तींत रोजचा ताप, विश्रांति, आहार यांची नोंद असे. प्रॅटचा हेतु केवळ शिस्त लावण्याचा होता. पण त्याच्या लक्षांत आलें कीं वह्यांपेक्षां एकत्र बसण्याचाच गुण अधिक येतो. निरनिराळ्या वंशांचीं व धर्मांचीं तीं माणसें एका समान दुःखानें बांधलीं गेलीं होतीं, आणि एकाचें वजन वाढलें कीं इतरांना धीर येत असे. या वर्गाला पुढील काळांतील सामूहिक मानसोपचाराचा आरंभ मानतात.

योगायोग असा कीं पॅरिसमध्यें द्युबोनें शस्त्रक्रिया केली त्याच १९५१ सालीं बोस्टन येथें डॉक्टर ड्वाइट हार्केन यांच्या चार रोग्यांनीं एक मंडळ स्थापन केलें. हार्केन यांनीं दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांच्या हृदयांतून व त्याच्या भोंवतालून गोळ्यांचे तुकडे काढले होते. हृदयावरील शस्त्रक्रिया तेव्हां अगदीं नवी होती; तींतून वांचलेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं. त्या चौघांनीं आपल्या मंडळास ‘मेंडेड हार्ट्‌स’, म्हणजे सांधलेलीं हृदयें, असें नांव दिलें. त्यांचें मुख्य काम एकच होतें. शस्त्रक्रियेला सामोरा जाणारा रोगी भयभीत होऊन पडला असतां, तींतून बरा झालेला मनुष्य त्याच्या खाटेशीं जाऊन बसे. डॉक्टर शंभर वेळां धीर देईल. पण जो स्वतः त्या टेबलावर पडून उठला, तो समोर बसलेला दिसणें हाच एक पुरावा असतो. हें मंडळ पुढें अमेरिकेंत गांवोगांवीं पसरलें.

धमन्यांच्या जन्मजात दोषांच्या बाबतींतही असेंच झालें. पॅरिसच्या आंत्वान मार्फान यानें १८९६ सालीं लांबसडक बोटांच्या एका पांच वर्षांच्या मुलीचें वर्णन केलें. त्या लक्षणसमूहांत महाधमनीही फुगते, हें कळावयास पुढें जवळजवळ अर्धशतक लागलें. १९८१ सालीं अमेरिकेंत मार्फान रोग्यांची व त्यांच्या कुटुंबांची राष्ट्रीय संस्था निघाली. १९८६ सालच्या जानेवारींत फ्लो हायमन ही अमेरिकेची विख्यात व्हॉलीबॉलपटु जपानांत सामना चालू असतांना कोसळली व मरण पावली, आणि तिची महाधमनी मार्फानमुळें फाटली होती हें शवच्छेदनानंतर उघड झालें. तिच्या आप्तांची तपासणी झाली, तेव्हां तिच्या भावालाही हाच विकार असल्याचें आढळलें आणि वेळींच शस्त्रक्रिया झाली. एकाच्या मरणानें दुसऱ्याला इशारा मिळावा ही गोष्ट दुःखद खरी. पण इशारा पोंचविणारें कोणी असावें लागतें. तें काम या संस्थांनीं पत्करलें.

याहून बोधप्रद हकीकत फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया या विकाराची आहे. हा विकार मध्यम आकाराच्या धमन्यांना होतो. मूत्रपिंडाच्या व मानेच्या धमन्या कोठें आवळतात, कोठें फुगतात, आणि पोटांतील शाखांवरही फुगे येऊं शकतात. १९३८ सालीं साडेपांच वर्षांच्या एका मुलाच्या मूत्रपिंडाच्या धमनींत तो प्रथम वर्णिला गेला. पुढें साठ वर्षें तो वैद्यकाच्या ग्रंथांत कोपऱ्यांत पडून होता. २००३ सालीं अमेरिकेंत या विकाराच्या रोग्यांची संस्था स्थापन झाली. तिनें केवळ धीर देऊन समाधान मानलें नाहीं, तर डॉक्टरांना हाताशीं धरून रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडविली. २०१२ सालीं या नोंदवहींतील पहिल्या ४४७ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ९१ टक्के स्त्रिया होत्या आणि १७ टक्क्यांना कोठें ना कोठें धमनीविस्फार होता. एकेकट्या डॉक्टरला जन्मभरांत दोनचार रोगी दिसले असते. एकत्र आल्यामुळें विकाराचा खरा चेहरा दिसला.

हृदयाच्या धमनीची भिंत अकस्मात् फाटण्याच्या विकाराची कथाही अशीच आहे. तो बहुधा तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांना होतो, आणि त्यांच्यापैकीं अनेकींत वरील डिस्प्लेशियाही सांपडतो. हा विकार इतका विरळ समजला जाई कीं त्याचा अभ्यास करणें शक्य नाहीं असेंच मानीत. २००९ सालीं परस्परांशीं ओळख झालेल्या कांहीं रुग्ण स्त्रियांनीं मेयो क्लिनिकमधील डॉक्टर शॅरन हेज यांची गांठ घेतली व आमचा अभ्यास करा असा आग्रह धरला. प्रथम बारा जणींचा लहानसा अभ्यास करावयाचें ठरलें. त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें त्यांतूनच मोठें संशोधन उभें राहिलें. रोगी हा अभ्यासाचा विषय असतो ही जुनी समजूत. येथें रोग्यांनींच विषय काढला, माणसें जमविलीं आणि शास्त्राला कामाला लावलें.

तथापि सोबतीच्या या मार्गालाही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. एकाचा फुगा दुसऱ्याच्या फुग्यासारखा नसतो. जागा, आकार, कारण, वय या सर्वांनीं हिशेब बदलतो. प्लीहेच्या धमनीवरील दीड सेंटिमीटरचा फुगा साठीच्या पुरुषांत पाहत बसण्याजोगा, तर पंचविशीच्या नवविवाहितेंत तांतडीनें बंद करण्याजोगा. तेव्हां शेजाऱ्यानें काय केलें यावरून आपण काय करावें हें ठरवूं नये; तें काम वैद्याचें. शिवाय जे वांचले तेच सभेला येतात, जे गेले ते बोलूं शकत नाहींत; म्हणून सभेंतील आशा कधीं खऱ्याहून मोठी दिसते. उलट, ज्याच्यावर मोठा प्रसंग गुदरला तोच अधिक बोलतो, आणि ज्याचा फुगा वीस वर्षें जागचा हलला नाहीं तो घरींच स्वस्थ बसतो. म्हणून कधीं भीतीही खऱ्याहून मोठी होते. चांगलीं मंडळें हें ओळखून असतात आणि रोग्याला भेटावयास जाणाऱ्यानें औषधोपचाराचा सल्ला देऊं नये असा दंडक ठेवतात. त्यानें ऐकावें, आपलें सांगावें, आणि डॉक्टरला कोणते प्रश्न विचारावयाचे तेवढे कागदावर लिहून देण्यास मदत करावी. फुगा कितीचा आहे, कोणत्या धमनीवर आहे, कारण कोणतें, पुढची तपासणी केव्हां, कोणतें लक्षण दिसतांच धांव घ्यावयाची आणि कोणत्या इस्पितळाकडे, हे ते प्रश्न. भयाला आकार आला म्हणजे तें निम्में होतें.

धमनीविस्फाराच्या या दीर्घ इतिहासांत वैद्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं गेलीं आहेत, आणि तें योग्यच आहे. बंध घालणारा हंटर, कापून जोडणारा द्युबो, आंतून नळी सरकविणारे व्होलोदोस व पारोदी यांच्यावांचून आजचे असंख्य लोक जिवंत नसते. परंतु गाडीवान, हमाल, न्यू ऑर्लीन्सची ती स्त्री, पॅरिसचा तो पन्नाशींतला गृहस्थ हीं माणसें त्या इतिहासांत केवळ धमन्यांचीं धनी म्हणून येतात. त्यांना एकमेकांची ओळख असण्याचा संभवच नव्हता. प्रत्येकजण आपल्यासारखा आपणच, असें समजून आला आणि गेला. आजच्या रोग्याला ते दिवस नाहींत. त्याच्यासारखीं माणसें थोडीं आहेत, पण आहेत. आणि तीं सांपडूं शकतात. शस्त्रवैद्याची वेळ येईल तेव्हां येईल, कित्येकांच्या बाबतींत ती कधींच येणार नाहीं. मधल्या काळांत दिवस काढावयाचे आहेत, संसार करावयाचा आहे, आणि रात्रीं झोंपही यावयास हवी. त्यासाठीं त्याच वाटेवरून थोडें पुढें गेलेलें एखादें माणूस भेटणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.